केदार नावाचं क्रियापद

"हा केदार कोण गं?" शिवणबाईंनी विचारलं, तशी त्यांची लेक हसत सुटली. नववा महिना लागलेला, त्यामुळे पोट धरून हसायलाही तिला दोन्ही हात पुरेनात.

शिवणबाई हे गल्लीने दिलेलं नाव. शाळांचे गणवेश शिवता शिवता त्यांचे केस पांढरे झाले होते. लेकीने परमुलखात स्पॅनिश बोलणारा नवरा केला आणि आता बाळंतपण जवळ आलं म्हणून शिवणबाई तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी येऊन दाखल झाल्या. त्याच आठवड्यात जावयाची आईही आली. दोन विहिणी, एक खोली, आणि बोलायला भाषा एकही नाही. विहीणबाईंच्या तोंडी मात्र सारखं तेच, कधी केदार, कधी केदा.

"आई, केदार हा माणूस नाही, क्रियापद आहे," लेक म्हणाली. "म्हणजे राहणं, उरणं. आणखी ढीगभर अर्थ आहेत, ते सावकाश सांगेन."

उरणं हा अर्थ शिवणबाईंना लगेच पटला. विहीणबाई दुधाची रिकामी बाटली हलवून "नो केदा लेचे" म्हणाल्या, म्हणजे दूध उरलं नाही. सोपं होतं. वाढताना त्या "पोको?" विचारत, म्हणजे थोडं. तेही जमलं. घोटाळा झाला तो कोटाचा. विहीणबाईंचा सैल कोट शिवणबाईंनी दोन्ही बाजूंनी आत घेऊन दिला. तो घालून विहीणबाई आरशासमोर गिरकी घेत म्हणाल्या, "मे केदा ब्येन!"

"मी चांगली उरले?" शिवणबाई बघतच राहिल्या.

"अंगाला छान बसला, म्हणते ती," जावई म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि मराठीही तशीच बोलायचा, एकेक शब्द घट्ट पिळून.

शिवणबाईंचं डोकं गरगरलं. शिवणकामात बसतो तो कपडा आणि उरते ती चिंधी. दोन्हीला एकच शब्द कसा चालेल?

त्यानंतर दोनच दिवसांनी, भर दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या. जावई तिला घेऊन दवाखान्यात गेला. आत एकालाच सोडतात, तुम्ही घरीच थांबा, कळवतो, असं सांगून गेला. शिवणबाईंना बसवेना. खिडकीपासून दारापर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालल्या. ओटा पुसून झाला, पुन्हा पुसला. बाळाच्या झबल्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. विहीणबाई फोन मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांचं ते शांत बसणंच शिवणबाईंना सोसवत नव्हतं.

फोन वाजला. विहीणबाईंनी ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली आणि डोळे पुसत म्हणाल्या, "से केदा." मग बोटांची चिमूट करून दाखवली. "केदा पोको."

उरलंय. थोडंच.

शिवणबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. नवरा जाण्याआधी डॉक्टरांनी त्यांना दाराबाहेर नेऊन हेच सांगितलं होतं, "बाई, आता थोडंच राहिलंय." आणि इथे विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी!

त्यांनी ना पिशवी घेतली ना स्वेटर. घरातल्या चपलांवरच जिना उतरल्या. लेकीसोबत तपासणीला गेल्या होत्या तो रस्ता आठवत, माणसांना धक्के देत सुटल्या. चौकात आल्यावर मात्र चारही रस्ते सारखेच दिसायला लागले. कोणाला विचारणार आणि काय विचारणार? तेवढ्यात मागून दंड धरला गेला. विहीणबाई! धाप लागलेली, केस सुटलेले. त्यांनी शिवणबाईंना नीट पाहिलं आणि काही न विचारता हात दाखवून टॅक्सी थांबवली. टॅक्सीत त्या काहीबाही समजावत होत्या, पण शिवणबाईंनी कान झाकून घेतले. त्यांना आता आणखी एकही शब्द नको होता.

दवाखान्यात नर्सने दोघींना बाहेरच्या बाकावर बसवलं. दार उघडून जावई आला. घामाघूम, डोक्यावर निळी टोपी.

"आई, थोडंच राहिलं," तो हसत म्हणाला.

शिवणबाईंनी त्याची गचांडीच धरली. "मेल्या, हसतोस काय? माझी पोर जाते आणि तू हसतोस?"

"पोर? नाही, नाही! बाळ! बाळ यायला थोडं राहिलं!" तो गोंधळून हातवारे करू लागला. "तिला इथे ठेवून घेतलं. से केदा! इथे राहते!"

तेवढ्यात दाराआडून आरोळी आली. डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार, शुद्ध मराठीत आणि खणखणीत आवाजात. शिवणबाई मटकन खाली बसल्या. एवढी शिवी हासडणारी बाई मरायला टेकलेली नसते.

जावई आत पळाला. शिवणबाई उठून विहीणबाईंशेजारी बाकावर बसल्या. मग शिवणबाई बोलू लागल्या. नवऱ्याचा आजार, ते डॉक्टर, तो दाराबाहेरचा क्षण, सगळं मराठीत. लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं ते. विहीणबाईंना ओ की ठो कळलं नसणार. तरी त्यांनी मध्येच "सी, सी", हो, हो म्हणत आपल्या गळ्यातल्या साखळीचं लॉकेट उघडून आतला एका पुरुषाचा फोटो दाखवला आणि त्यावर अंगठा फिरवला.

नात झाली. संध्याकाळी दोघींना आत सोडलं, पण जावई कपडे बदलायला घरी जाणार होता आणि सोबतीला एकच बाई चालेल, असं नर्सने सांगितलं. विहीणबाईंनी शिवणबाईंना पुढे ढकललं. "से केदा एया."

ही राहील. या वेळी अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

"छे, छे! तुमचीही नात आहे. तुम्ही राहा," शिवणबाई म्हणाल्या आणि त्यांना खुर्चीकडे ओढू लागल्या. विहीणबाईही ऐकेनात. दोघींची आपापल्या भाषेत अशी जुंपली की लेक पलंगावरून ओरडली, "कोणीतरी एक राहा नाहीतर दोघी निघा! मला झोपायचंय!"

शेवटी विहीणबाई गेल्या. शिवणबाई खुर्चीत टेकल्या. लेक घोरू लागली. बाळही निपचित झोपलेलं. फारच निपचित. त्या उठल्या, वाकून त्याच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. परत येऊन बसल्या. आणि जरा वेळाने पुन्हा उठल्या.