एकसष्ट तासांची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. करड्या प्लास्टिकचे अंग, खाली पिवळे दात आणि पोटात घड्याळात असतो तसला एक चपटा सेल. माझ्यावरचे चित्र आता इतके पुसट झाले आहे, की तो घोडा आहे की डोंगर, हे मलाही सांगता येणार नाही.

माझा खेळ उड्या मारायचा किंवा गोळ्या झाडायचा नाही. माझ्यात चार माणसे गावोगाव फिरतात, भेटेल त्याच्याशी बोलतात, राक्षसांशी लढतात, सराईत झोपतात आणि हळूहळू बळकट होतात. त्यांना नावे तुम्ही द्यायची, वाट तुम्ही शोधायची. असा खेळ एका बैठकीत संपत नाही. म्हणून पोटात तो सेल. यंत्र बंद असतानाही तुमचा झालेला प्रवास तो धरून ठेवतो.

मी फारशी खपले नाही. मी आले त्याच महिन्यात उड्या मारणाऱ्या एका खेळाचा तिसरा भाग आला. तो दुकानाच्या काचेत बसला, मी खालच्या फळीवर गेले. तिथे दुसऱ्या यंत्रांचे आमचे भाईबंद होते. एक तबकडी होती, तिचे यंत्रच कंपनीने बंद केले होते. हातात धरायच्या यंत्राची एक इवलीशी कॅसेट होती. तिच्यात म्हणे शंभर गावे होती आणि एकाही गावात कोणी पाऊल टाकले नव्हते. यंत्रे वेगवेगळी, पण आडनाव एकच, न खपलेले. मला वाईट वाटायचे. तेव्हा वाटायचे.

मग एका शिंप्याने मला उचलले. त्याच्या मुलीला खरे तर उड्यांचाच खेळ हवा होता. बाबांना त्यातले ओ की ठो कळत नव्हते. घोड्याचे चित्र बघून त्यांनी मला घेतले.

"बाबा, यात उड्याच नाहीत!" मुलगी रडकुंडीला आली.

"मग चालत जाऊ. घाई कुठे आहे आपल्याला?"

दुपारी शिंप्याच्या दुकानाचे दार अर्धे ओढले जाई, तेव्हा शिवणयंत्राशेजारच्या छोट्या टीव्हीवर बापलेक चालू लागत. नायिकेला मुलीने स्वतःचे नाव दिले. गदा फिरवणाऱ्याला आईचे दिले, कारण घरात मारकुटी तीच होती. चौथ्याला शेजारच्या कुत्र्याचे. आणि जखमा बांधणाऱ्या वैद्याला 'बाबा'. भुयारांचे नकाशे शिंपी कपडे बेतायच्या खाकी कागदावर खडूने काढी. एकदा एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची बाही आणि भुयाराचा जिना एकाच कागदावर आले. बाही बेतताना जिनाही कापला गेला. त्या बाहीबद्दल गिऱ्हाईक बरेच दिवस बोलत होते.

माझ्यासोबतच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक सूचना होती. यंत्र बंद करताना रीसेटचे बटण दाबून धरा आणि ते दाबलेले असतानाच बंद करा, नाहीतर साठवलेला खेळ पुसला जाईल. मुलीने पुस्तिका कधी उघडली नाही. शिंप्याने चष्मा लावून ती पहिल्या दिवशीच वाचली. रोज खेळ संपला की तो म्हणे, "तू ऊठ, अभ्यासाला लाग. मी बंद करतो." मग डाव्या अंगठ्याने रीसेट, उजव्या हाताने बंद. एकदाही चुकला नाही.

मुलगी मोठी झाली, नोकरीसाठी दूर गेली. शेवटची लढाई तेवढी उरली होती. फोनवर बाबा म्हणाले, "ती तू आल्यावर. तोवर मी सराईत बसतो." मुलगी दोनदा आली आणि दोन्ही वेळा गडबडीत परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा शिंपी नव्हता.

तिने मला आणि यंत्राला एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने यंत्र दुरुस्त केले, मला त्यात बसवले, आणि पडद्यावर आजवर खेळलेल्या वेळेचा आकडा आला, एकसष्ट तास. चारही जण सराईत उभे होते. मुलीने तोंडावर हात ठेवला.

"सेल संपत आलाय," दुरुस्तीवाला म्हणाला. "नुसता काढला तर सगळं जाईल. दुसऱ्या सेलचा आधार देऊन बदलतो. दुपारभर थांबावं लागेल."

"थांबते. कितीही वेळ लागू दे."

त्याने श्वास रोखून माझे पोट उघडले. सेल बदलला. एकसष्ट तास जागच्या जागी राहिले.

घरी येऊन तिने मला लावले. लढाईला ती गेलीच नाही. सराईतच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिली, आणि मागे ओळीने आई, कुत्रा आणि बाबा. "उद्या जाऊ हं, बाबा," ती म्हणाली. आणि एका बोटाने तिने यंत्र बंद केले.

दुसऱ्या दिवशी माझ्यातल्या खेळ साठवायच्या तिन्ही जागा रिकाम्या होत्या.

तिने दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "रीसेट दाबून धरलं होतंत ना?"

"म्हणजे काय?"

त्याने सांगितले. ती म्हणाली, "बाबा दोन्ही हात लावायचे. मला वाटायचं, शिवणयंत्राची सवय आहे, म्हणून."

मला काय वाटले, असे विचाराल तर काहीच नाही. दुकानातल्या त्या सगळ्या दुपारी, तो खडू, ती बाही हे सारे मला ठाऊक आहे, पण ती चौघे जिथे होती तिथे आता काही दुखतही नाही. मुलगी मात्र दुखत असल्यासारखी बसून होती. संध्याकाळी तिने नवा खेळ सुरू केला. वैद्याला नाव दिले 'बाबा'. पहिल्या सराईपर्यंत चालत गेली. मग उठून डावा अंगठा रीसेटवर दाबून धरला आणि उजव्या हाताने मला बंद केले. माझ्यात आता दहा मिनिटे आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे आम्ही वस्तू नेहमी सांगतो. माझे सांगणे थोडे निराळे आहे. तुमच्या घरी एखादे काम रोज एकच माणूस करत असेल आणि "तू जा, मी बघतो" म्हणून तुम्हाला पाठवत असेल, तर जाऊ नका. मागे उभे राहा आणि त्याचे हात बघा.