बसते की जुळते

"बसते का असं कुणी विचारलं, तर नुसतं 'बसते' म्हणून मोकळी होऊ नकोस. लेन्स लावून बघ. कडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. मग दाराशी जाऊन लांबचं काहीतरी बघ. आणि मग बोल."

हे फुसाएच्या सासऱ्यांचं सांगणं. उशियामांच्या घरात ती सून म्हणून आली तेव्हा सासरे लेन्सच्या कारखान्यातून निवृत्त होऊन सुवा सरोवराच्या काठी जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान चालवत होते. नवऱ्याला त्यात रस नव्हता, तो नगरपालिकेत चिकटलेला. त्यामुळे स्क्रूड्रायव्हर कसा धरायचा इथपासून सगळं म्हाताऱ्यांनी सुनेलाच शिकवलं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. रोज सकाळी देव्हाऱ्यातल्या त्यांच्या नावाच्या पाटीपुढचं पाणी बदलताना फुसाए हे शब्द एकदा मनात म्हणून घेई. मंत्र म्हणावा तसे. आणि मंत्राचं जे होतं तेच याही शब्दांचं झालं. तोंडात राहिले, हातातून गेले.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ओगुची नोबुएचा फोन आला, तेव्हा फुसाएचे दोन्ही हात नव्या वर्षाच्या मोचीच्या, म्हणजे तांदळाच्या गोळ्यांच्या, पिठात होते. फोन खांद्याने कानाशी दाबून ती बोलत होती. नोबुए भरभर सांगत सुटली. देवळापुढच्या जुन्या बाजारात एक लेन्स मिळालीय, अगदी नव्यासारखी, पण हिचं तोंड आट्यांचं आहे आणि आमच्या म्हाताऱ्याच्या कॅमेऱ्याचं तसं नाही. मधे घालायची कडी असते म्हणतात. ती असली तर बसते का?

"बसते," फुसाए म्हणाली. "कडी आहे माझ्याकडे. घेऊन जा."

नोबुए त्याच संध्याकाळी कडी घेऊन गेली आणि जाताना लोणच्याचा डबा ठेवून गेली. कुठली लेन्स, कशासाठी, हे फुसाएने विचारलं नाही. वर्षाखेरीची साफसफाई व्हायची होती.

नोबुएच्या नवऱ्याला, ओगुची तेइझोंना, गावात सगळे ओळखत. वय एकोणऐंशी. पंचांगातली 'लहान थंडी' लागते त्या दिवसापासून, म्हणजे सहा जानेवारीपासून, फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या वसंताच्या पहिल्या दिवसापर्यंत, रोज पहाटे ते सरोवराच्या घाटावर जात आणि एक फोटो काढत. एकच. तोच घाट, तोच होडी बांधायचा लाकडी खांब डाव्या कडेला, समोर पाणी किंवा बर्फ, आणि पलीकडचा काठ. देवळाची माणसं काठी घेऊन बर्फ मोजायला येत त्याच वेळेला. देव सरोवर ओलांडून गेले की बर्फाला जी भेग पडते ती पाहायला सगळे जमत. तेइझो मात्र भेग पडो न पडो, फोटो काढत. एक्केचाळीस हिवाळे झाले. एका हिवाळ्याला छत्तीस फोटोंचा एक रोल. तीस सकाळी झाल्या की सहा फोटो उरत, ते नोबुएचे. "मला उरलेल्या फिल्मवर काढतात," असं ती चारचौघांत सांगे आणि त्या सहा फोटोंसाठी केस मात्र नीट करून बसे.

आता जानेवारीची सतरा तारीख. बारा सकाळी झाल्या होत्या. दुकान उघडून फुसाएने स्टोव्हवर किटली ठेवली तोच तेइझो आत आले, टोपी काढली आणि कॅमेरा काउंटरवर ठेवला. बरोबर नोबुएची ती लेन्स, कडीसकट.

हा विकून टाक, असं ते म्हणाले. आतला रोल अर्धासुद्धा झालेला नाही, वाटलं तर धू, नाही तर टाकून दे.

फुसाएने चहा पुढे केला आणि काय झालं ते विचारलं. तेइझोंनी कप दोन्ही हातांत धरला, पण प्यायले नाहीत.

"डोळे गेले. समोरचा काठ यंदा दिसतच नाही. कितीही फिरवलं तरी धुकंच. डॉक्टर शरदातच म्हणाला होता, मोतीबिंदू धरतोय म्हणून."

शस्त्रक्रिया करून घेता येईल, असं फुसाए म्हणाली. वसंतात बघू, असं ते म्हणाले. पण यंदाची साखळी तुटली ती तुटलीच. ज्याला काठ दिसत नाही त्याने काठाचा फोटो काढणं म्हणजे देवापुढे बसून डुलक्या घेणं. एवढं बोलून त्यांनी टोपी घातली, वाकून नमस्कार केला आणि निघून गेले. चहा तसाच राहिला.

दुपारी फुसाएने रोल धुतला. ओली पट्टी खिडकीच्या काचेशी उजेडावर धरून तिने भिंग लावलं. बारा चौकटी. डाव्या कडेला खांब. त्याच्या डोक्यावर साचलेला बर्फ, लाकडाच्या रेषा, गंजलेला खिळा, सगळं सुईने कोरल्यासारखं. आणि त्यामागे काहीच नाही. पाणी, काठ, डोंगर, सगळं दुधात विरघळलेलं. पहिल्या चौकटीत तसं, बाराव्या चौकटीतही तसंच.

डोळ्यांचा दोष असता तर एक फोटो इकडे चुकला असता, एक तिकडे. सगळे नेमके हातभर अंतरावर येऊन थांबले नसते.

तिने भिंग खाली ठेवलं. कॅमेरा उचलला आणि दाराशी जाऊन त्याच्या बघायच्या खिडकीला डोळा लावला. लेन्स शेवटपर्यंत फिरवली. रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचता येईना. दारातली स्वतःची छत्री मात्र स्वच्छ दिसत होती. मधल्या कडीने लेन्स फिल्मपासून नको तेवढी पुढे गेली होती. अशी लेन्स जवळचं पाहते, लांबचं तिला कधीच दिसत नाही. हे फुसाएला गेली पंचवीस वर्षं ठाऊक होतं. गिऱ्हाइकांना ती स्वतः समजावून सांगत असे.

बसते, असं तिने सांगितलं होतं. आणि बसली होती.

ती मग कपाटं उघडून शोधायला लागली. तेइझोंच्या कॅमेऱ्याला कडी न घालता बसेल, आणि जुन्या लेन्सइतकंच रुंद पाहील, अशी लेन्स हवी. रुंदी बदलली तर एक्केचाळीस वर्षांच्या काठावर यंदाचा काठ बसणार नाही. अशी एकच निघाली. त्याच घराण्याची, पण वीस-पंचवीस वर्षांनी धाकटी. तिला नांगी नव्हती.

नांगी म्हणजे जुन्या लेन्सच्या कड्यावर असायचा तो खेकड्याच्या नांगीसारखा धातूचा तुकडा. जुन्या कॅमेऱ्याची एक खुंटी तिच्यात अडकते आणि लेन्स किती उघडी आहे ते कॅमेऱ्याला त्यातून कळतं. मगच उजेड मोजणारा आतला काटा खरं बोलतो. पुढे कॅमेरे बदलले, नांगीचं काम राहिलं नाही, नव्या लेन्सवरून ती गेली. तरी या लेन्सच्या कड्यावर नांगीच्या स्क्रूंच्या जागी दोन बारीक खळगे सोडलेले होते. जुन्या माणसांची आठवण ठेवून कुणीतरी सोडले असावेत.

फुसाएने पट्टी, कॅमेरा आणि ती लेन्स कापडात बांधली आणि दुकानाला कडी घातली.

ओगुचींच्या घरी दोघंही उबेसाठी पांघरूण घातलेल्या मेजाखाली पाय घालून बसली होती. फुसाए दारातच गुडघ्यांवर बसली आणि आत यायच्या आधीच तिने डोकं टेकवलं. चूक माझी आहे, असं ती म्हणाली. मग कडीचं सगळं सांगितलं.

तेइझोंना ते चटकन पटलं नाही. ती आपल्या म्हातारपणाला गोंजारतेय, असंच त्यांना वाटलं असावं. फुसाएने कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि सरकतं दार उघडून अंगणातल्या पाइनकडे बघायला सांगितलं. धुकं, असं ते म्हणाले. तिने लेन्स आणि कडी काढली, धाकटी लेन्स लावली आणि पुन्हा बघायला सांगितलं. तेइझोंनी कडं हळूहळू फिरवलं. फिरवता फिरवता हात थांबला. बराच वेळ त्यांनी कॅमेरा खाली घेतला नाही. दारातून गार वारा आत येत होता, पण नोबुएनेही दार लावलं नाही.

"पाइनच्या सुयासुद्धा दिसतात," ते अखेर म्हणाले.

"दोन आठवडे माझ्या उशाशी उसासे टाकतायत," नोबुए म्हणाली. "अहो, लेन्स वाईट आहे असं म्हणायला जीभ झडली होती का?"

"तू आणलेली होती."

नोबुए मग उठून चहाचं पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं, त्याचं खापर तिने उघड्या दारावर फोडलं. चहा ओतताना तिने फुसाएला विचारलं, ही लेन्स बसते ना, मग आजच देऊन टाक, म्हणजे उद्या हे घाटावर आणि मी सुटले.

फुसाएच्या तोंडात तो शब्द आलाच होता. तिने तो गिळला.

"बसते, पण जुळत नाही अजून. काटा हलणार नाही. त्या तुमच्या फुटलेल्या लेन्सची नांगी मला द्या, ती हिला लावते."

तेइझोंची मूळ लेन्स डिसेंबरात हिवाळ्याची तयारी बघायला गेले असताना तिवई कलंडून घाटाच्या पायरीवर आपटली होती. पुढची काच तडकली होती. नोबुएने कपाटातून डबा काढून आणला. मऊ कापडात गुंडाळलेली लेन्स निघाली. काच कोळ्याच्या जाळ्यासारखी, नांगी मात्र धड.

तेइझो डब्याकडे बघत राहिले. आता कशाला, असं ते म्हणाले. बारा तर गेल्याच.

"त्या बारा माझ्या चुकीच्या," फुसाए म्हणाली. "पण तुम्ही गेलात, ओगुचीसान. एकही सकाळ चुकवली नाहीत. साखळी कुठे तुटलीय?"

कपातला चहा या वेळी तेइझोंनी संपवला. थोड्या वेळाने विचारलं, उद्यापर्यंत होईल का.

"होईल. सव्वासहाला मी घाटावर घेऊन येते. माझ्या हाताने लावून देते."

येतो, असं ते म्हणाले नाहीत. निघताना नोबुएने लोणच्याचा आणखी एक डबा तिच्या हातात कोंबला आणि दाराबाहेर येऊन हळूच म्हणाली, "मी त्यांना ढकलून पाठवते. तू फक्त ये."

दुकानात परतल्यावर फुसाएने सासऱ्यांचं हातड्रिल काढलं. लेन्स एकच होती. टोक घसरलं तर कडं वाया, आणि दुसरी लेन्स शहरातून यायला दोन दिवस. तिने हात धुतले, देव्हाऱ्यापुढे थोडा वेळ बसली, मग कामाला लागली. पहिलं भोक पडलं. दुसऱ्याच्या आधी ती थांबली, टोक पुसलं आणि पुन्हा टेकवलं. फुटलेल्या लेन्सचे दोन इवलेसे स्क्रू काढून तिने नांगी या लेन्सवर बसवली. लेन्स किती उघडी ते दाखवणाऱ्या आकड्यांतल्या पाच-पॉइंट-सहावर नांगीचा मध्य यावा लागतो. तो आला.

मग तिने लेन्स कॅमेऱ्याला लावली. खुंटी नांगीत अडकल्याचा बारीक आवाज आला. कडं एका टोकापर्यंत नेलं, दुसऱ्या टोकापर्यंत आणलं. आतला काटा दचकल्यासारखा हलला आणि उजेडाबरोबर खालीवर होऊ लागला. कॅमेरा घेऊन ती दाराशी गेली. अंधारायला लागलं होतं. गल्लीच्या टोकाला सरोवराची एक फट दिसे. त्या फटीतून पलीकडच्या काठावरचे दिवे तिने पाहिले. एकमेकांना चिकटलेले नव्हते. प्रत्येक वेगळा होता, मोजता आला असता.

कॅमेऱ्यात नवा रोल घालून तिने तो रात्रभर बाहेरच्या पडवीत ठेवला. थंडीत लेन्सचं ग्रीस आखडतं का ते कळायला हवं होतं. कॅमेऱ्याचा सेल मात्र थंडीने मरू नये म्हणून तिने उशाखाली ठेवला.

पाच वाजता ती उठली. कॅमेरा आत न आणता पडवीतच कडं फिरवून पाहिलं. सहज फिरलं. देव्हाऱ्यातलं पाणी बदललं, भाताची वाटी ठेवली, उदबत्ती लावली. रोजचे शब्द म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटले नाहीत. नुसते हात जोडले.

सेल कमरेच्या पट्ट्यात, अंगाच्या उबेला ठेवला. बुटांना बर्फावरचे खिळे बांधले. नवरा आतून विचारत होता, एवढ्या लवकर कुठे. घाटावर जाऊन येते, असं तिने सांगितलं, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.