पक्की शाई

शोधकाची कागदपत्रं छापायला घेतलेल्या संपादकबाई दहा वर्षं एका वहीच्या मागे होत्या. सातव्या. शोधकाच्या नावाजलेल्या पंपाची झडप आपणच शोधून काढली, असं शोधकाचा भागीदार मरेपर्यंत सांगत राहिला आणि लोकांनाही ते खरं वाटत आलं. झडपेचं पहिलं चित्र, तारखेसकट, या सातव्या वहीत होतं. आज शोधकाच्या मुलीने ती कपाटातून काढून टेबलावर ठेवली.

"घ्या. आता बघतेच, कोण माझ्या वडिलांना चोर म्हणतं ते!"

बाईंनी हात पुसून पान उलटलं. झडप होती, तारीख होती. सगळं काळ्याभोर शाईत.

"ताई, हे पेन्सिलीत होतं ना?"

"होतं की! पण नुसता हात लागला तरी पुसायचं हो. बाबा गेल्यावर रोज एक पान घेऊन बसायचे मी. आधी शाईने गिरवायचं, वाळू द्यायचं, मग खोडरबराने खालची पेन्सिल काढून टाकायची. त्यांनीच शिकवलं होतं ड्रॉइंग. पेन्सिल कच्ची, शाई पक्की! सांगा, एक तरी रेघ हललीय?"

"नाही," बाई म्हणाल्या. खरंच हलली नव्हती.

त्यांनी भिंग लावलं, पान उजेडात तिरकं धरलं. कागद लख्ख होता. दाबाच्या खुणा होत्या, पण त्या निबच्या.

"सगळी पानं?"

"शेवटची चार राहिली. डोळ्यांनी दगा दिला."

बाईंनी घाईघाईने शेवट गाठला. चार पानं पेन्सिलीतली, शोधकाच्या हातची. त्यांवर बाहुलीच्या पाळण्याची मापं होती.

"सोमवारी जाणार ना छापायला?"

"ताई, चित्राखाली अक्षर कोणाचं म्हणून लिहू?"

"कोणाचं म्हणजे? बाबांचं!"

"शाई तुमची आहे. भागीदाराची माणसं पहिलं तेच विचारतील."

ताई हसल्या. "अहो, मला गळका नळ बंद करता येत नाही, मी झडप कुठून काढणार?" मग हसू मावळलं. त्यांनी वही ओढून घेतली, तारखेवरून बोट फिरवलं. "हा आठ बघा. अगदी बाबांसारखा आलाय."

"हुबेहूब," बाई म्हणाल्या. पंचाईत तीच होती.

 मग ताईंनी खण उघडला आणि झिजून नखाएवढं झालेलं खोडरबर वहीशेजारी ठेवलं.

"ह्यात असेल का हो थोडी बाबांची पेन्सिल?"

बाईंनी ते तळहातावर घेतलं. परत कसं ठेवावं, हे त्यांना कळेना.