उलट्या बटणांचा कोट

कोट बोलतोय. दाराआडच्या खुंटीवर जे निळं काहीतरी लोंबकळत असतं ना, तो मी. सगळे मला कप्तानाचा कोट म्हणतात, पण खरं सांगायचं तर मी मूळचा खिडकीचा पडदा. तिथेच ऊन खात राहिलो असतो तर आज इतका दमलो नसतो.

मला शिवलं ताईने. ताई घरातली थोरली, पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवते. तिचा धाकटा भाऊ टीव्ही दुरुस्त करतो, म्हणून गावभर ‘मेकॅनिक’. सव्वीस वर्षांपूर्वी दर रविवारी सकाळी ‘दूरयान’ नावाची मालिका लागायची. एक अवकाशयान, आत सात माणसं, आणि परतीची वाट हरवलेली. मेकॅनिक त्यापायी वेडा झाला होता. एका मासिकात कप्तानाचा फोटो आला, तो कापून त्याने ताईपुढे ठेवला.

“अस्साच हवा. एक टाका इकडचा तिकडे नको.”

ताईने फोटो डोळ्यांजवळ नेला. “अरे, ह्याची बटणं डावीकडे आहेत. ही तर बायकांच्या कोटाची पद्धत. फोटो उलटा छापलाय त्यांनी.”

“ताई, अवकाशात काय डावं नि काय उजवं? फोटोत आहे तसं शिव.”

टीव्हीवर खात्री करावी, तर लोकांचे टीव्ही लख्ख करून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या टीव्हीवर कायम मुंग्या. त्या मुंग्यांत बटणं कोण बघणार! ताईने कपाळावर हात मारला आणि शिवायला घेतलं. माप द्यायलाही पठ्ठ्या घरी थांबला नाही. बहीणभावाची अंगलट तेव्हा सारखीच होती, म्हणून तिने टेप स्वतःच्याच अंगावर धरली. शेवटचं बटण लावून झाल्यावर मला घालून ती आरशासमोर उभी राहिली. जरा जास्तच वेळ उभी राहिली. बाहेरून भावाची हाक आली तशी तिने मला घाईघाईने उतरवलं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

पुढे एकदाच्या मुंग्या गेल्या आणि कप्तान नीट दिसला. बटणं उजवीकडे! मेकॅनिकचं तोंड बघण्यासारखं झालं. पण माघार घेईल तर तो कसला. “आपलं यान वेगळं,” म्हणाला, आणि मला तसाच मिरवत राहिला. त्याचा दोस्त पोस्टमन त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल करायचा. दोघं पुढे सोफ्यावर बसायचे, ताई मागे मशीनवर. “ताई, खडखड थांबव ना जरा,” असं मेकॅनिक ओरडायचा. कितीदा तरी मशीन त्याआधीच थांबलेलं असायचं. त्याच्या ते लक्षात यायचं नाही, माझ्या यायचं.

मालिका बंद पडली. नऊ वर्षांनी तिचा चित्रपट आला. मला घालून मेकॅनिक पोस्टमनबरोबर गेला आणि मान खाली घालून परत आला. यानातला संगणक म्हणे आता फालतू विनोद करत होता. मग आणखी काही वर्षांनी मालिका पुन्हा सुरू झाली. जीव पुन्हा गुंतला. यान एका काळ्या दारापाशी पोचलं, कप्तानाने मागे वळून “थांबा, आलोच” म्हटलं, आणि तिथेच सगळं गुंडाळलं. पोस्टमनने किती पत्रं पाठवली, उत्तर एकाचंही नाही. त्याला अकरा वर्षं झाली. कप्तान दाराआड गेला आणि मीही.

गेल्या महिन्यात बातमी आली, ‘दूरयान’ परत येतंय. पोस्टमन आता निवृत्त होऊन लेकीकडे राहतो, त्याचा लगेच फोन.

“जुनी धून ठेवलीय म्हणे!”

“धून ठेवतात रे,” मेकॅनिक म्हणाला, “बाकी सगळ्याची वाट लावतात. त्या दाराचं काय झालं ते सांगणार आहेत का? मी नाही बघणार. दोनदा हात पोळलेत.”

लगेच पुढे, “किती वाजता आहे?”

फोन ठेवून त्याने मला खुंटीवरून काढलं. पोटावर बटण लागेना. कसनुसा हसला, आणि मला ताईच्या मशीनवर टाकून म्हणाला, “फाड हा. टीव्ही पुसायला फडकी होतील.”

खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. आशा धरून धरून कापडही विरतं. ताईने कात्री उचलली, माझ्या बाहीपर्यंत आणली आणि खाली ठेवली.

“तू नाही बघणार?”

“नाही.”

“मी बघणार आहे.”

“तू? तू कधीपासून बघायला लागलीस?”

“पहिल्या दिवसापासून,” ताई म्हणाली. “मशीन मी पायानं चालवते रे, डोळे मोकळेच असतात. त्या दाराआड काय आहे हे मला कळायला नको? मला कुणी कधी विचारलंत?”

मेकॅनिकने ओशाळून मोबाइल पुढे केला. “नवी कप्तान बाई आहे. हा बघ फोटो.”

ताईने चष्मा चढवला. चेहरा तिने नंतर पाहिला, आधी बटणं. ती डावीकडे होती. ताई इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

“अखेर फोटो सरळ छापला म्हणायचा!”

आज रविवार. ताईने मला घातलंय. खांदे, बाह्या, कंबर, सगळं जिथल्या तिथे बसलंय, कारण माप तिचंच होतं. मेकॅनिक सोफ्यावर सरकला आणि म्हणाला, “इथे बस, पुढे.” आपण फक्त चित्र बिघडलं तर असावं म्हणून बसलोय, असं त्याचं म्हणणं आहे.

मालिका काढणाऱ्यांनो, मी कोपरांत विरलोय, काखेत उसवलोय, तिसरा अपेक्षाभंग मला झेपणार नाही. तरी तुमच्यापुढे बाह्या जोडतो. यान बदला, माणसं बदला, हवे तेवढे विनोद करा. पण ते दार उघडा. माझी बाई मागच्या बाकावरून वाट बघत होती, तुम्हाला ती दिसली नसेल.

धून सुरू झाली. मागे मशीनपाशी आज कुणी नाही.