इंदूआत्याचं चौथं शील

आमच्या विहारात तथागतांचे अस्थिधातू दर्शनाले आले, तवा इंदूआत्यानं पांढरी साडी नेसून मले धरलं.

"अंकुश्या, मले आता दिसत नाही. तू संगं चल अन् काय दिसते ते सांग. भंकस केली तर याद राख!"

तिचंही बरोबर हाय. गेल्या साली मीच आवाज बदलून तिले फोन केला होता, बाई, तुमाले लकी ड्रॉमंधी फ्रिज लागला. तिनं माठ हलवून जागा केली, गल्लीत पेढे वाटले.

रांगेतून आमचा नंबर आला. काचेच्या पेटीत बारीकसा स्तूप, त्याच्या मधात धातू.

"सांग गा, कसा हाय?"

"मोहरीच्या दाण्याएवढा, आत्या."

"झालं सुरू तुझं! एवढ्या मोठ्या बुद्धाचा धातू मोहरीएवढा?"

"खरंच सांगून राहिलो वं!"

"फ्रिजही खराच होता."

मागची माणसं हसली. आत्या मात्र हात जोडेना. कशासमोर वाकायचं तेच समजलं नाही, तर वाकू कशी म्हणे. डोळे भरून आले तिचे. खरं बोलताना तोंड कसं ठेवायचं, मले तर तेच येत नव्हतं.

रांग सांभाळणारी मिनलताई म्हणाली, "दादा, पुढं सरका ना."

"थांब वं माय," आत्या म्हणाली. "अंकुश्या, चौथं शील घे. खोटं न बोलायचं. इथंच, धातूसमोर."

घेतलं. हात जोडून, पालीत, मोठ्यानं.

"आता सांग."

"मोहरीएवढाच हाय, आत्या. पांढरा, जरासा पिवळसर. खाली चांदीचं कमळ हाय."

आत्या गुडघ्यावर बसली, कपाळ फरशीले टेकवलं. उठली ते हसतच. "एवढूसा!" बाळंतिणीच्या कुशीतलं लेकरू पाहून म्हणावं, तशी म्हणाली.

तेवढ्यात मागून एक बाई, "दादा, आमच्या मायलेही दिसत नाही. तिलेही सांगा ना. तुमी शील घेतलं हाय."

मंग काय! मिनलताईनं आत्याले खुर्ची दिली अन् मले पेटीजवळ उभं केलं. म्हातारेकोतारे येऊन राहिले, मी सांगून राहिलो. जिभेले नुसती खाज! एका मामाजीनं विचारलं, "हलते का जी तो?"

काय चान्स होता राजेहो! गिळला.

"नाही जी. पांढरा हाय, शांत हाय."

खुर्चीवरून आत्या कडाडली, "जरासा पिवळसर कुठं गेला गा?"

"जरासा पिवळसर, मामाजी," मी म्हटलं.