अंगठा वर

तोंडात नळी होती, त्यामुळे बोलणं बंद. हातापायांत जीव नव्हता, उजवा अंगठा तेवढा हलायचा. शुद्धीवर आलो तेव्हाच सिस्टरने तह करून टाकला. "काका, बरं वाटलं तर अंगठा वर, त्रास झाला तर खाली. तुमच्या उपचारात तुम्हीपण भाग घ्यायचा बरं का!" भाग घ्यायचा म्हणे. जसं काही स्नेहसंमेलनच होतं.

मी क्रेनला खालून इशारे देणारा माणूस. उंच केबिनमध्ये चालवणारा बसतो, त्याला आम्ही वरचाच म्हणतो. त्या गोंगाटात हाक ऐकू जात नाही. आमच्यात अंगठा वर म्हणजे क्रेनचा हात वर घे, अंगठा खाली म्हणजे खाली घे. उभी हयात यातच गेली.

त्या सकाळी अंग पुसायला पलंग सपाट केला, तो तसाच राहिला. मग डॉक्टरबाई आल्या. मशीनचा आधार कमी करून मी आपला आपण श्वास घेतो का, ते बघायचं होतं. जमलं तर नळी निघणार, नाहीतर गळ्याला भोक. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या डोक्यावरून आपसात बोलले होते. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. औषधांनी सगळं बधिर झालं होतं. पलंगावर दुसराच कुणी पडलाय आणि मी लांबून बघतोय, असं वाटायचं.

आधार कमी झाला आणि छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. पाठ उचलली तर श्वास येईल, एवढं कळत होतं.

"काका, बरं आहे ना?" सिस्टरने विचारलं.

तह मला पाठ होता. पण जीव गुदमरला की हात आपलीच बोली बोलतो. मी अंगठा वर केला.

"शाब्बास!"

मी आणखी ताणून वर केला.

"बघा, किती खूश आहेत काका!"

तेवढ्यात मशीन बोंबलायला लागलं. सगळे धावले, आधार पुन्हा वाढवला. "उद्या एकदा बघू, नाहीतर भोक पाडू," डॉक्टरबाई म्हणाल्या. मशीनकडे बघून.

दुसऱ्या दिवशी बायको हटूनच बसली, म्हणून तिला आणि भेटायला आलेल्या वरच्याला आत थांबू दिलं. पलंग पुन्हा सपाट. आधार कमी झाला, मी अंगठा वर केला.

"आज बरं दिसतंय," सिस्टर म्हणाली.

"बरं कसलं डोंबलाचं?" वरचा पायथ्याशी उभा होता. "तो वर घ्या म्हणतोय."

बायकोने हंबरडाच फोडला. "भावजी, काय हे अभद्र बोलता!"

"अहो वहिनी, पलंग! पलंगाचा उशाकडचा भाग वर घ्या म्हणतोय!"

सिस्टरने बटण दाबलं. पाठ उचलली गेली, छातीवरचं ओझं उतरलं. मी अंगठा मिटला. "बस, थांबा," वरचा म्हणाला.

बराच वेळ मशीन गप्प राहिलं. मग डॉक्टरबाई माझ्या अगदी समोर आल्या. "नळी काढू या?"

मी अंगठा वर केला. सगळ्यांनी वरच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? त्याला विचारा की!"

"पलंग वर हवाय, की नळी काढायची?" डॉक्टरबाईंनी माझ्या डोळ्यांत बघत विचारलं.

मी अंगठा तोंडाकडे वळवला आणि बाहेर झटकला. असा इशारा आमच्यात नाही, पण सगळ्यांना कळला. त्या हातमोजे चढवायला लागल्या, आणि तेव्हा कुठे मला भीती वाटली, चांगली सडकून. इतक्या दिवसांत त्या पलंगावर पहिल्यांदाच मी होतो.