खुशालीची ओळ

मी एक बोरू बोलतोय. आता वीतभरही उरलेलो नाही, चिमटीत मावेल एवढा तुकडा आहे, पण बोलायला तेवढा पुरे. आजवर मी दुसऱ्यांचं लिहिलं आणि त्यातलं बरंचसं खोटं लिहिलं. हे एकदाच माझं स्वतःचं.

धारूरच्या किल्ल्याखाली ओढ्याला बोरूचं बेट आहे. तिथून बंकट नावाच्या माणसानं मला कापलं, सावलीत वाळवलं आणि पेंढीत बांधून आठवडी बाजारात आणलं. सुंदररावानं पेंढी सोडायला लावली. एकेकाला नखानं टिचकी मारून कानाशी धरलं. माझा आवाज त्याला पसंत पडला असावा. त्यानं तिथंच चाकू काढून मला तिरपं टोक केलं, मध्ये चीर दिली आणि शाईत बुडवलं.

निजामाचं राज्य होतं, फसली तेराशे पंचवीस साल. विलायतेत कुठं मोठी लढाई चालू आहे असं लोक म्हणत. सुंदरराव टपालकचेरीसमोरच्या ओट्यावर बसून पत्रं लिहून देई. त्याच्याच सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला जलालुद्दीन बसे. तो सरकारी अर्ज लिही, उर्दूत. घरगुती पत्रं मोडीत, ती सुंदररावाकडं. दोघं एका वयाचे, पंचेचाळिशीचे, वीस वर्षं शेजारी बसलेले. सुंदररावाची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी विधवा बहीण बायनाबाई. एकुलती मुलगी शिवकन्या युसूफ वडगावला दिलेली. तिला अक्षरं बापानंच शिकवली होती, मोडीसुद्धा.

पहिल्या दिवसापासून मला एक ओळ तोंडपाठ झाली. "इकडील सर्व खुशाल असे, तुमची खुशाली कळवीत जावी. पत्रास कारण की." कुणाचंही पत्र असो, आधी ही ओळ. ताप असो, बैल गेलेला असो, भावाभावात डोकी फुटलेली असोत, इकडील सर्व खुशाल. ही ओळ सोडायची मुभा फक्त मर्तिकाच्या पत्राला. वर खुशाल नाही म्हणजे कुणीतरी गेलं. असं पत्र घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेरच फाडतात आणि डोक्यावरून पाणी घेतात. कोण गेलं ते सांगणारा सोबत असतोच, किंवा नंतर कळतंच. शहाणीसुरती माणसं हे असं करतात, आणि वेडेपणा कुणाच्या लक्षात येत नाही, याचा मला आजही संताप आहे.

एकदा छबुबाई नावाची बाई आली. तिचा डावा हात धडुत्यानं गळ्यात बांधलेला होता. नवऱ्यानं मोडला होता. तिला भावाला पत्र घालायचं होतं.

"काय लिवू?" सुंदररावानं विचारलं.

"लिवा, खुशाल हाय म्हनावं. दिवाळीला न्यायला आलास तर बरं हुईल."

"हाताचं लिवू का?"

"नगं. तो तिकडं जीव जाळीत बसंल."

सुंदररावानं मान हलवली. माझं टोक भोथट झालं होतं म्हणून त्यानं चाकू घेतला, मला डाव्या हातात धरलं आणि तासायला लागला. चाकू घसरला. तो बोटात गेला हे मला कळलं, कारण मी त्याच बोटाला टेकलेलो होतो. सुंदररावाला कळलं नाही. तो तासत राहिला. मग मला शाईत बुडवून लिहू लागला आणि डाव्या हातानं कागद दाबून धरला.

"अवं, रगत येतंय की तुमच्या बोटातून," छबुबाई म्हणाली.

"शाई हाय ती."

"तांबडी शाई?"

सुंदररावानं बोट पाहिलं. करंगळीशेजारचं बोट पार चिरलं होतं. त्यानं ते धोतराला पुसलं आणि कागद बदलला.

"दुखत न्हाई का वो?"

"न्हाई."

"मंग तुमचं बी खुशालच हाय म्हना की." छबुबाई हसली. हसताना तिचा मोडका हात हलला आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

जलालुद्दीन त्याच्या अर्जावरून मान वर करून बघत होता. मग त्यानं पुन्हा अर्जात डोकं घातलं.

मला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. बोरूला बोटाची पकड कळते. जिवंत बोट बोरूला हलकं धरतं, घसरला की आपोआप सावरतं. सुंदररावाची उजव्या हाताची करंगळीही कागदावर लाकडासारखी पडून राही. शेजारचं बोट तिच्यामागून गेलं. मग तो मला इतका दाबून धरायला लागला की माझी चीर फाटे आणि पुन्हा पुन्हा तासावं लागे. माझं आयुष्य त्यामुळंच लवकर सरलं. भर उन्हाळ्यात तो लांब बाह्यांचा अंगरखा घाली. कोपरावर पांढुरका चट्टा होता. विचारलं तर म्हणे वात आहे. कुणी फार विचारतही नसे. सगळ्या गावाला वातच असतो.

पावसाळा सरता सरता शिवकन्येचं पत्र आलं. वर खुशाल होतंच. खाली लिहिलं होतं: "बाबा, मला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेव्हा न्यायला कधी येता ते कळवा. मागल्या खेपेला तुमचं अक्षर वाकडं आलं होतं. तब्येत कशी आहे ते खरं लिहा."

सुंदररावानं मला उचललं. "इकडील सर्व खुशाल" एवढं लिहिलं आणि थांबला. कागद फाडला. दुसरा घेतला, पुन्हा तेच लिहिलं. तोही फाडला.

"किती कागद फाडतो बे?" जलालुद्दीन म्हणाला. "टपाल निघून जाईल."

"पोरीला लिवतोय."

"मंग खुशाल हाय म्हन आन मोकळा हो."

"खुशाल हाय का पण?"

जलालुद्दीननं आपली कलम खाली ठेवली. "न्हाई," तो म्हणाला. "तू बिडी बोटानं चिरडून विझवतो. चटका बसत न्हाई तुला. मी आंधळा हाय का?"

"मंग कावून बोलला न्हाईस?"

"तू कावून बोलला न्हाईस?"

समोर टपालाचा शिपाई पोत्याला गाठ मारत होता. ओट्यावर ऊन आलं होतं. मग जलालुद्दीन सरकून सुंदररावाच्या समोर येऊन बसला, जिथं गिऱ्हाइकं बसतात तिथं.

"अर्ज लिवताना मी इचारतो तसं इचारतो. नाव, उमर, पेशा ठाऊक हाय. हालत सांग. हात?"

"उजव्याची दोन बोटं गेली. तिसरं चाललंय. डाव्याचंबी सुरू झालंय. कोपरावर चट्टा हाय. पाठीवर एक हाय, तो बायनानं सांगितला तवा कळला."

"कधीपासून?"

"दोन उन्हाळे झाले."

"हकीमाकडं?"

"गेलतो नेकनूरला. त्याच्या दारावरनं माघारी आलो."

"बरं. आन दिल?"

सुंदरराव बराच वेळ मला बोटात फिरवत राहिला. "दिलाचं सांगता येत न्हाई. परवा एक माणूस आलता, दोन लेकरं गेल्याचं पत्र लिवून घ्यायला. रडत हुता. मी म्हणलं, जरा दमानं सांगा, शाई वाळू द्या. घरी जाऊन भाकर खाल्ली. चांगली लागली."

"ते तर धंद्यानं झालंय. माझंबी तसंच हाय."

"न्हाई जलाल. माझा चट्टा बघितला तवाबी तसंच झालं. दुसऱ्या कुणाच्या अंगावर हाय असं वाटलं. म्हणलं, बिचारा."

जलालुद्दीन हसला नाही. "आन देव?"

"रोज देवळात जातो. घंटा वाजवतो, हात जोडतो. काय मागायचं ते सुचत न्हाई."

"बरं कर म्हणून मागायचं की."

"बरं कर म्हणायला आधी आजारी हाय म्हणावं लागतं."

"वाह. वीस वर्षं माझ्याशेजारी बसलास आन एवढं कळलं न्हाई? बिनहालतीचा अर्ज वापस येतो बे. खाली असो का वर."

मग सुंदररावानं तिसरा कागद घेतला. हात कापत नव्हता. बधिर हात कापत नाही. त्यानं जे लिहिलं ते मला अक्षर न् अक्षर आठवतं, कारण ते लिहिताना मला फार तासावं लागलं नाही.

"चिरंजीव शिवकन्येस अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, माझ्या अंगात महारोग शिरला आहे. हात बधिर झाले आहेत. मनही तसेच झाले आहे, ते आधी झाले की नंतर हे ठाऊक नाही. देवाला अजून सांगितलेले नाही, तुला आधी सांगतो. बाळंतपणास इकडे येऊ नये. लहान जिवाला माझा हात लागू नये. तुझ्या घरी कोणास कळले तर तुला त्रास होईल, म्हणून हे पत्र तूच वाच."

टपाल गेलं. दोन लिहिणारी माणसं, जन्मभर पत्रं लिहिलेली, समोरासमोर बसलेली. वरची ओळ सुटली आहे हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. खरं सांगायचं तर त्या दुपारी मला मोकळं वाटत होतं.

सहाव्या दिवशी ओट्यासमोर बैलगाडी थांबली. पुढं शिवकन्येचे सासरे अर्जुनराव, डोकं पागोट्याशिवाय उघडं. मागं गवतावर शिवकन्या, अवघडलेली, दीड दिवसाच्या रस्त्यानं शिणलेली. अर्जुनराव उतरले ते मान खाली घालूनच. ओट्यावर सुंदरराव कुणाचं तरी पत्र लिहीत बसलेला दिसला आणि ते चाकाला धरून उभे राहिले.

"व्याही," ते म्हणाले. "तुमी हाव?"

"हाय की. कावून?"

अर्जुनराव ओट्याच्या कडेला बसले. कपाळ पुसलं. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते हसू काही केल्या आवरेना. पत्र त्यांच्या हातात पडलं होतं. वर खुशाल दिसलं नाही तेव्हा पुढं एक अक्षर वाचलं नाही; अक्षरही वाकडं, ओळखीचं वाटलं नाही, म्हणजे लिहिणारा सुंदररावच गेला असं त्यांनी धरलं. उंबऱ्याबाहेरच चिंध्या केल्या, विहिरीवर जाऊन आंघोळ केली. दोन जिवांची पोर, तिला कसं सांगावं म्हणून तिला एवढंच म्हणाले की तुझे बाबा जरा बरे नाहीत, भेटून येऊ.

"खोटं बोललो पोरीपाशी," ते म्हणाले. "दीड दिवस तिच्याकडं बघितलं न्हाई. आन तुमी तर ठणठणीत."

ओट्यावरची माणसंही हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, आता सुंदरराव शंभर वर्षं जगतात. जलालुद्दीन हसत नव्हता. तो सुंदररावाकडं बघत होता.

त्या घडीला सगळं किती सोपं होतं. पत्राच्या चिंध्या झालेल्या. कुणी काही वाचलेलं नाही. एक शब्द म्हटला असता की सगळे गूळपाणी घेऊन घरी गेले असते, आणि न म्हटला तर व्याह्याच्या तोंडावर महारोग्याची मुलगी म्हणून शिवकन्येचं नाव पडत होतं. मी त्याच्या बोटांत होतो. तो शब्द येतोय असं मला वाटलं. हजारदा लिहिलेला शब्द, तोंडातून यायला कितीसा वेळ.

शिवकन्या गाडीतून उतरून पुढं आली. "मामंजी खोटं बोलले म्हणतात. अक्षर वाकडं कावून येतं मग? तुमी सांगा, बाबा."

तिनं हात पुढं केला. सुंदरराव मागं सरकला.

"तिथंच थांब," तो म्हणाला. "अर्जुनराव खोटं बोललेले न्हाईत."

आणि त्यानं सांगितलं. पत्रात होतं तेवढंच, त्याच क्रमानं. बाह्या वर करून कोपर दाखवलं. ओट्यावरचं हसू थांबलं. पत्र लिहून घ्यायला बसलेला माणूस उठून लांब जाऊन उभा राहिला, पत्र तिथंच टाकून.

अर्जुनराव उठून बैलांपाशी गेले. मग म्हणाले, "पोर माझ्या घरी बाळंत हुईल." एवढंच. ते मायेनं म्हणाले की माहेरचं दार बंद करून घेतलं, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुधा त्यांनाही नसेल सांगता आलं.

शिवकन्या हलली नव्हती. चार हात लांब उभी होती, पोटावर हात ठेवून.

"दुखतंय का, बाबा?"

"न्हाई गं," सुंदरराव म्हणाला. "दुखतच न्हाई."

तेव्हा ती रडली. तिचं रडणं बघून त्याचा चेहरा हलला का, ते मला दिसलं नाही. त्यानं मला खाली ठेवलं होतं.

नंतरचं थोडक्यात. तेलंगणात महारोग्यांचा एक दवाखाना निघाला आहे, कडूकवठाच्या तेलाचे उपचार करतात असं जलालुद्दीननं शोधून काढलं आणि त्यानं उर्दूत अर्ज लिहिला. हालतीच्या रकान्यात सगळं भरलं. अर्ज परत आला नाही. दसऱ्यानंतर सुंदरराव त्या दवाखान्यात गेला. जाण्याआधी एकदा देवळात जाऊन आला. घंटा वाजवली नाही, असं बायनाबाई सांगते. बराच वेळ बाहेर आला नाही, असंही सांगते. शिवकन्येला मुलगी झाली.

मी जलालुद्दीनच्या डबीत आहे. त्याच्या उर्दूला माझं टोक उलटं पडतं, म्हणून तो मला वापरत नाही, आणि टाकतही नाही. ओट्यावर आता नवा पत्रलेखक बसतो. त्याचा आवाज मला इथून ऐकू येतो, तीच ओळ म्हणत लिहितो. त्याला काही सांगायची ताकद माझ्यात नाही. तुम्हाला मात्र सांगतो: कुणाचं पत्र आलं तर फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाचा. लिहिणाऱ्यानं खरं काही लिहिलं असेल तर ते खाली असतं, आणि तिथवर पोचायला त्याला फार दिवस लागलेले असतात.

माझं एवढंच. आता तासायलाही काही उरलेलं नाही.